गटातल्या प्रकल्पाचे गुण गूगल डॉक्सची हिस्ट्री बघून द्यावेत का?

रंकाळ्याचा मास्तर: नववीला शिकवतो. वर्गात ५८ पोरं, ११ गट, विषय पंचगंगेचा पूर. यंदा अहवाल गूगल डॉक्सवर लिहायला लावला. कुणी कोणती ओळ कधी घातली, कधी खोडली, सगळं त्याच्या हिस्ट्रीत दिसतं. एका गटात नावं पाच, पण अख्खा अहवाल एकाच पोरानं रात्री साडेअकरानंतर टाइप केलेला. बाकी चौघांचे गुण कापणार आहे. चुकतंय का माझं?

उत्तरेश्वरकर: अजिबात नाही. रिंगेलमान या फ्रेंच संशोधकाचा दोरी ओढायचा प्रयोग १९१३ सालीच छापून आलाय. माणसं वाढतील तसा एकेकाचा जोर कमी पडत जातो. तालमीत वस्तादाची नजर असते म्हणून जोर निघतात. ११ गटांत एकटा मास्तर कुठं कुठं पुरणार?

शाहूपुरीची आई: म्हणजे लॅपटॉपवाला तेवढा कष्टाळू? माझी मुलगी गटात सांगायची, टाइप दुसराच करायचा. घरातला एकच फोन माझ्याकडं, आणि मी दिवसभर दुकानात. हिस्ट्रीत बोटं दिसतात हो, डोकं नाही.

उत्तरेश्वरकर: मग बोलणं रेकॉर्ड करा की. आवाज वेगवेगळे ओळखून कोण किती बोललं ते मोजणारी सॉफ्टवेअरं आहेत.

शाहूपुरीची आई: पाच पोरं एकदम कालवा करणार, वर पंखा खडखडणार. त्यातनं काय निघतंय ते दाखवाच एकदा! आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी आईबापाची संमती धरलीय. शाळांना काही बाबतीत सूट आहे, माहितेय. तरी मला न विचारता माझ्या पोरीचा आवाज साठवायचा नाही.

कागलच्या बाई (निवृत्त): हिस्ट्री बघा, पण कुणाला बोलवून विचारायचं एवढंच त्यातनं ठरवा. गुण तोंडी.

रंकाळ्याचा मास्तर: बाई, आज तेच केलं. चौघांना एकेक करून बोलावलं. तिघं छताकडं बघत बसले. चौथी नदीकाठच्या आंबेवाडीची, डॉक्समध्ये तिची एक ओळ नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची पूरपातळी विचारली. "इशारा ३९ फूट, धोका ४३. २०१९ ला आम्ही ४३ व्हायच्या आधीच म्हशी बाहेर काढल्या, सर." अहवालात धोका पातळी ३४ लिहिलीय. टाइप करणाऱ्यानं आकडा उलटा केला, आणि मीही तो तसाच तपासून सोडला होता. तिघांचे कापले. हिचे कुठल्या रकान्यात घालू?

उत्तरेश्वरकर: तिघं घावले ते हिस्ट्रीमुळंच की!

शाहूपुरीची आई: आणि चौथी जाणार होती, तीही हिस्ट्रीमुळंच.