‘कसर’ म्हणजे कीड की उणीव?

ग्रंथपाल :
जुन्या पुस्तकांच्या जतनाविषयीची एक इंग्रजी पुस्तिका मी सध्या मराठीत आणत आहे. तीत ‘सिल्व्हरफिश’ (कागद खाणारा छोटा चंदेरी कीटक) येईल तेथे मी ‘कसर’ लिहिले, कारण ज्या ज्येष्ठ ग्रंथपालांच्या हाताखाली मी शिकलो ते दाखल नोंदवहीतील शेऱ्याच्या रकान्यात ‘कसर लागली’ असेच लिहीत असत. संपादकांनी मात्र ‘कसरीने पान खाल्ले’ या वाक्याखाली रेघ ओढली, ‘उणीव पान कशी खाईल?’ असे विचारले आणि ‘रजतमीन’ हा शब्द सुचवला. किडीचा अर्थ आता कोणाच्याच कानावर नाही का?

अनुवादिका :
आहे. माझी आजी ठेवणीतले कपडे उन्हात घालताना ‘कसर लागेल’ असेच म्हणत असे. ‘रजतमीन’ला माझा ठाम विरोध आहे. हा प्राणी मासा नाही. इंग्रजीने त्याला मासा म्हटले म्हणून आपणही तेच संस्कृतात सांगावे, याला मी भाषाशुद्धी मानत नाही.

निवृत्त शिक्षक :
उणीव या अर्थाचा ‘कसर’ अरबी ‘कस्र’पासून आला आहे. त्या शब्दाचा अर्थ मोडणे असा असून गणितातील अपूर्णांकालाही तेथे तोच शब्द आहे. मला तर किडीचे नावही त्यातूनच निघाले असावे असे वाटते, कारण कीड लागते तेथे पान उणे होते. परभाषेतला आणि शिवाय दुहेरी अर्थाचा शब्द राखण्याऐवजी ‘ग्रंथकीटक’ हा स्वच्छ शब्द का वापरू नये?

ग्रंथपाल :
कारण ‘ग्रंथकीटक’ सगळ्यांना एकाच पोत्यात भरतो. ‘बुकवर्म’ नावाची एकच अशी जात नाही. पानांतून आरपार जाणारी गोल भोके बहुधा भुंगेऱ्यांच्या अळ्या पाडतात. कसर तसे पोखरत नाही. ती कागदाचा पृष्ठभाग खरवडते, कापडी बांधणीवरील खळ खाते, आणि पान उजेडासमोर धरले की जागोजागी झिजून पातळ झालेले दिसते. तिच्या ‘लेपिस्मा सॅकरिना’ या शास्त्रीय नावातील दुसरा शब्द साखरेवरून आला आहे, कारण पिष्टमय आणि गोड पदार्थांची तिला विशेष ओढ असते. कसर दिसली की आधी खोलीतील ओल शोधावी लागते, तर भोके दिसली की ते पुस्तक लगेच वेगळे काढावे लागते. म्हणून शेऱ्यातला शब्द नेमका हवा, एवढाच माझा आग्रह आहे.

पुस्तकबांधणी करणारा :
आम्ही खळीत मोरचूद घालतो तो कसर लागू नये म्हणूनच. या कामात मी दुसरा शब्द ऐकलेला नाही.

पोथ्यांची अभ्यासक :
पोथी कापडात बांधताना वेखंड ठेवण्याची जुनी रीत आहे, तीही किडीसाठीच. पोथ्यांच्या नकला करणारे जुने लेखनिक पोथीच्या शेवटी तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून हिचे रक्षण करावे, अशी विनंती करत. यातील सैल बांधणी मला महत्त्वाची वाटते, कारण ‘ग्रंथ’ या शब्दाच्या मुळाशीच गुंफणे, बांधणे हा अर्थ आहे. सुट्या पानांच्या पोथीला ‘ग्रंथ’ आणि शिवलेल्या वहीला ‘बाड’ म्हणताना आपण हा भेद पाळतो का, हे एकदा पाहायला हवे.

निवृत्त शिक्षक :
बाडाचा विषय वेगळा आहे. ‘काटकसर’मध्ये कीड कोठे आहे, हे मला आधी सांगा.

अनुवादिका :
तेथे ती नाही, आणि म्हणूनच हे दोन वेगळे शब्द असून केवळ उच्चाराने एक झाले आहेत, असे मी म्हणते. वाचक संदर्भावरून अर्थ ओळखतो. ‘कसर सोडली नाही’ हे वाचताना कोणाच्याही डोळ्यांपुढे कीटक येत नाही.

नवी वाचक :
आमच्या घरी बारीक तापालाही ‘अंगात कसर आहे’ असे म्हणतात. तो यांपैकी कोणता शब्द मानायचा?