मदत हवी आहे: प्रार्थनेनंतर आईने टीबीच्या गोळ्या बंद केल्यात

आम्ही जालन्याचे. आईचा टीबीचा 6 महिन्यांचा कोर्स, 2 महिनेच झालेत. रविवारी मंडळीच्या (चर्चच्या) वडीलधाऱ्यांनी बायबलातल्या याकोब 5:14 प्रमाणं तेल लावून प्रार्थना केली, खोकला कमीच होता, तर आता म्हणते प्रभूनं बरं केलं, गोळी घेणं म्हणजे अविश्वास. 4 दिवस गोळी बंद. प्रार्थनेवर माझाबी पूर्ण विश्वास आहे पण कोर्स अर्धवट सोडला की जंतू औषधाला दाद देत नाहीत ना. आशाताईंनी समजावलं, मी बायबलातला हिज्कीया राजाच्या गळवावर औषध म्हणून लावलेला अंजिराचा लेप दाखवला (यशया 38:21), ऐकतच नाही. पाळकसाहेब 15 दिवस बाहेरगावी. गोळी लपवून द्यायची नाही, फसवणूक होईल ती. कुणाच्या घरी असं झालं असेल तर विश्वास न दुखवता काय बोलून गोळ्या परत चालू केल्या?