नेटवर मोकळा सोडला की शहाणा होतो?
या चर्चेत वरती कोणीतरी म्हटलंय की कॉम्प्युटरला नेटवर मोकळा सोडला की वाचून वाचून आपोआप शहाणा होतो, माणसाची गरजच नाही. एवढं सोपं नाहीये हो. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या टीमने 2010 च्या जानेवारीत नेल नावाचा प्रोग्राम चालू केला, रात्रंदिवस वेबपानं वाचायची आणि अमुक हे शहर, तमुक ही कंपनी असली माहिती गोळा करायची हेच त्याचं काम. सुरुवातीला दर प्रकाराची दहा-पंधरा उदाहरणं हातानं दिलेली, पुढे "अमुकचे महापौर" असं दिसलं की ते शहर असणार हे तो स्वतःच ताडायचा, मग त्या नव्या शहरांवरनं परत नव्या वाक्यरचना शोधायचा. आयडिया भारीच. पण एकदा घसरला की घसरतच जायचा, म्हणजे इंटरनेट कुकीज (वेबसाइट ब्राउझरमधे ठेवतात त्या छोट्या नोंदी, खायच्या नव्हे) त्याने बेकरीच्या मालात टाकल्या, आणि लोक कुकीज डिलीट करतात तशा फाइल्सपण डिलीट करतात म्हटल्यावर फाइल्सपण बेकरीत! शेवटी माणसांनीच बसून निस्तरलं. आत्ताची मॉडेल्स (चॅटजीपीटीसारख्या प्रोग्राम्समागची) पुढचा शब्द ओळखत शिकतात, पद्धत वेगळी, पण त्यांनाही नंतर माणसांकडूनच वळण लावून घ्यावं लागतं, आणि ते काम करणाऱ्यांबद्दल इथे कोणीच बोलत नाहीये.