१२५ सीसी मोटरसायकलचा ऑन-रोड भाव: नेमक्या कोणत्या रकमेवर घासाघीस करावी? मदत हवी आहे

माझ्या धाकट्या भावाला तासवडे औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आहे. रात्रपाळी सुटते त्या वेळी एसटी मिळत नसल्यामुळे त्याच्यासाठी १२५ सीसीची मोटरसायकल घ्यायचे आम्ही ठरवले. पैसे मी देणार आहे. मी शिक्षिका आहे आणि वाहनखरेदीचा मला काहीही अनुभव नाही. गेल्या रविवारी आम्ही दोघे कराडमधील एका शोरूममध्ये गेलो. तेथील विक्रेत्याने दीड तास सर्व बोलणे भावाशीच केले, माझ्यासमोर फक्त चहा ठेवला आणि शेवटी गुलाबी कागदावरचे कोटेशन मात्र सहीसाठी माझ्याकडे सरकवले. मी सही केली नाही. कागद पर्समध्ये ठेवून घरी आणला. तो पुढीलप्रमाणे आहे.

एक्स-शोरूम किंमत (नोंदणी, विमा वगैरे धरण्याआधीची गाडीची किंमत) ९२,००० रुपये, ‘आरटीओ’ १४,२०० रुपये, विमा ९,८५० रुपये, ॲक्सेसरीज ४,६५० रुपये, ‘हँडलिंग’ १,८०० रुपये आणि वाढीव वॉरंटी १,२९० रुपये, अशी एकूण १,२३,७९० रुपयांची बेरीज आहे. एक्स-शोरूमच्या रकान्यात आधी ९९,८०० हा आकडा लिहून तो खोडला आहे आणि बाजूला पेनाने ‘खास सवलत’ असे लिहून त्याभोवती गोल केला आहे. ही सवलत आज सायंकाळपर्यंतच आहे, असे त्याने दोनदा सांगितले. आज गुरुवार आहे आणि त्याचा फोन रोज येतो.

आणखी कमी करा, असे मी म्हटले तेव्हा त्याने कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवून एकूण रकमेतून १,००० रुपये वजा करून दाखवले. हे एक हजार कशातून कमी झाले, हे त्याला सांगता आले नाही, आणि माझा संशय तेथूनच सुरू झाला. माझे प्रश्न असे आहेत. यांपैकी सरकारी दराने ठरलेल्या रकमा कोणत्या आणि दुकानदाराच्या मर्जीच्या कोणत्या? विमा शोरूममधूनच घ्यावा लागतो का? सर्व रक्कम एकरकमी दिल्यास भाव कमी होतो का? की ६०,००० रुपयांचे कर्ज, ‘फक्त १० टक्के व्याज’ आणि दरमहा २,१६७ रुपयांचे ३६ हप्ते, हा त्याचा प्रस्ताव स्वीकारावा?

प्रतिसाद १

मी सहा वर्षे एका दुचाकी शोरूमच्या हिशेब विभागात काम केले आहे, त्यामुळे हा कागद मला न पाहताही ओळखीचा वाटतो. सर्वप्रथम त्या ‘खास सवलती’विषयी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. २८ टक्के कर धरून जी गाडी ९९,८०० रुपयांना पडत होती, ती १८ टक्क्यांनी ९२,००० रुपयांनाच पडते. आपण स्वतः भागाकार करून पाहा. म्हणजे सरकारने कमी केलेला कर त्याने स्वतःचे औदार्य म्हणून आपल्याला दाखवला आहे. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते आणि चालू मॉडेलवर ती सहसा हलत नाही, म्हणून तेथे शक्ती घालवू नये. खरा वाव तिच्या खालच्या ओळींत असतो.

‘आरटीओ’ ही ओळ फोडून मागा. महाराष्ट्रात आपल्या गटातील दुचाकीला एकरकमी कर ११ टक्के आहे, म्हणजे १०,१२० रुपये. नोंदणी शुल्क ३०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० रुपये आणि कर्ज असल्यास बोजा (गाडी तारण असल्याची नोंद) चढवण्याचे ५०० रुपये. किरकोळ उपकर व टपाल धरले तरी हे सर्व साडेअकरा हजारांच्या आत बसते. उरलेले पावणेतीन हजार कशाचे, असे विचारल्यास ‘एजंटचे’ हे उत्तर येईल. आपण भांडू नका; ‘भरलेल्या कराची पावती मला लागेल आणि मी पावतीइतकेच पैसे देईन,’ एवढेच शांतपणे सांगा. उच्च सुरक्षा नंबर प्लेटचे वेगळे पैसे मागितल्यास देऊ नका, कारण १ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या वाहनांना ती कंपनीकडूनच येते आणि तिची किंमत गाडीच्या किमतीतच धरलेली असते.

हँडलिंग ही रक्कम पूर्णपणे नाकारावी. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत आलेला असतो. ॲक्सेसरीजच्या ४,६५० रुपयांत काय काय आहे, हे आपण लिहिले नाही. त्यात साडी गार्ड असेल तर त्याचे पैसे वगळून घ्या. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण, पकडायला दांडी आणि पाय ठेवायला पायपट्टी हे सर्व केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३व्या नियमानुसार मोटरसायकलला असावेच लागते. नव्या दुचाकीबरोबर आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट देण्याची तरतूदही याच नियमावलीत, १३८व्या नियमात आहे. आमच्याकडे ते मागणाऱ्याला मिळे आणि न मागणाऱ्याला विकले जाई, हे मी खेदाने नमूद करतो.

रोख रकमेचा मात्र उपयोग होणार नाही. कर्ज लावून दिल्यास शोरूमला वित्तसंस्थेकडून मोबदला मिळतो, त्यामुळे रोखीचे गिऱ्हाईक विक्रेत्याला उलट कमी आवडते.

प्रतिसाद २

विमा आणि कर्ज यांविषयी लिहितो. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा) सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसी गटासाठी त्याचा हप्ता ३,८५१ रुपये असून जीएसटी धरून तो साडेचार हजारांच्या आसपास जातो. हा भाग कोणत्याही कंपनीकडे सारखाच असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा एक वर्षाचा घेतला तरी चालतो आणि त्याचा दर मात्र कंपनीगणिक बदलतो. विमा कोठूनही घेण्याची आपल्याला मुभा आहे. भावाच्या नावे वैयक्तिक अपघात विमा आधीपासून असेल तर तोच पुन्हा गळ्यात मारून घेऊ नका.

‘१० टक्के’ व्याज सरळ मुद्दलावर, तिन्ही वर्षे पूर्ण ६०,००० रुपयांवर आकारले आहे, म्हणूनच हप्ता २,१६७ येतो. मुद्दल दरमहा फिटत असताना हाच व्यवहार घटत्या शिलकीवर मांडला तर दर जवळपास १८ टक्के पडतो. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत सर्व खर्च धरून वार्षिक दर दाखवणारे मुख्य तथ्य पत्रक देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ते मागा. आपण शिक्षिका आहात, तर पगारदारांच्या पतसंस्थेत आधी चौकशी का केली नाहीत?

प्रतिसाद ३

एवढे ताणून धरल्यावर पुढे सर्व्हिसिंगला हेच लोक गाडी आठ दिवस उभी करून ठेवतील, अशी भीती मला वाटते.

प्रतिसाद १ देणारे पुन्हा

वॉरंटी कंपनीची असते, शोरूमची नव्हे. दुसऱ्या अधिकृत केंद्रात गाडी नेता येते. धागाकर्त्यांना आणखी एक सूचना करतो. साताऱ्याच्या एखाद्या शोरूममधून त्याच मॉडेलचे लेखी कोटेशन आणा. कर राज्यभर सारखाच असल्यामुळे दोन कागद शेजारी ठेवले की फरक आपोआप उघडा पडतो. पैसे भरण्यापूर्वी आपल्याला मिळणाऱ्याच गाडीचा चासी क्रमांक लिहून घ्या आणि निर्मितीचा महिना पाहा. गाडी सात-आठ महिने गोदामात उभी राहिलेली असेल तर भाव कमी करून मागण्याचा तो सर्वांत सबळ आधार आहे.

धागाकर्ती

आपणा सर्वांचे आभार. शनिवारी साताऱ्याचे कोटेशन आणले आणि सोमवारी ते कराडच्या काउंटरवर काहीही न बोलता ठेवले. या वेळी विक्रेत्याने व्यवस्थापकांना बोलावले आणि ते माझ्याशी बोलले. हँडलिंगची ओळ त्यांनी स्वतःच खोडली. ॲक्सेसरीजमध्ये ६५० रुपयांचा साडी गार्ड निघाला. तो आणि सीट कव्हर, कोटिंग वगैरे काढून फक्त १,४०० रुपयांचा क्रॅश गार्ड भावाच्या हट्टाखातर ठेवला. हेल्मेट मिळाले. विमा मला बाहेर ७,१०० रुपयांना मिळत होता. त्यांनी ७,४०० केला आणि दावा करण्याची वेळ आल्यास गावातल्या गावात काम व्हावे म्हणून मी तो तीनशेचा फरक मान्य केला. पतसंस्थेचे कर्ज मिळाल्यामुळे बोजाचे ५०० रुपये वाचले. वाढीव वॉरंटी घेतली नाही. एक्स-शोरूम किंमत एका रुपयानेही हलली नाही.

आता एकूण रक्कम १,११,७५० रुपये झाली आहे. त्यात ‘आरटीओ’चे १०,९५० रुपये असून पावतीप्रमाणे शिल्लक परत देण्याचे त्यांनी कोटेशनच्या मागच्या बाजूला सही-शिक्क्यासह लिहून दिले आहे. गाडीची निर्मिती दोन महिन्यांपूर्वीची आहे. नोंदणी शुक्रवारी होणार आहे. पावती हाती आल्यावर त्यावरील आकडा येथे लिहीन.