शब्दचर्चा : पेशीतल्या लिपिडांचं ‘वहन’ की ‘हस्तांतरण’?

दारव्ह्याची शिक्षिका : अकरावीसाठी टिपण काढतेय. ‘इंट्रासेल्युलर लिपिड ट्रान्सपोर्ट’ला ‘मेदवहन’ लिहिलं, तर पोरं रक्तातलं कोलेस्टेरॉल समजली. ‘चरबी’ लिहायची सोय नाही, ती आमच्याकडे डोक्यात चढते.

जुना मास्तर : मॅडम, ‘लिपिड’च ठेवा. मेद म्हटलं की साठवणीचं तूप-तेल आठवतं, इथं विषय पेशीतली पटलं, म्हणजे पातळ पडदे, ज्यांचे बनतात त्या फॉस्फोलिपिडांचा. ‘वहन’ मात्र अर्धंच खरं. लिपिड पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पेशीत एकटं फिरत नाही. आंतर्द्रव्यजालिकेतून (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, लिपिड बनवणारं पेशीतलं जाळं) गोल्गी या पेशीतल्या दुसऱ्या भागाकडे ते पुटिकांत, म्हणजे पटलाच्या इवल्या पिशव्यांत, बसून जातं, त्याला वहन म्हणा. तंतुकणिका (मायटोकाँड्रिया, पेशीला ऊर्जा देणारा भाग) त्या फेरीवर येतच नाही. तिथं जालिका तिच्यापासून साधारण १० ते ३० नॅनोमीटरवर येऊन थांबते आणि मधली प्रथिनं लिपिड पलीकडे देतात, शेजारणीनं कुंपणावरून वाटी द्यावी तसं. म्हणून हस्तांतरण. यीस्टमधला असा एक प्रथिनसंच, एर्मीस, २००९ साली सापडला. माणसात तो नाही, आपल्याकडे हे काम दुसरी प्रथिनं करतात.

बोरीअरबचा : मंग तंतुकणिका घरीच काहून नाही बनवत? दुसऱ्याकडून काहून आणा लागते?

जुना मास्तर : बनवते ना भाऊ, पण कच्चा माल बाहेरचा. फॉस्फॅटिडिलसेरीन हे फॉस्फोलिपिड जालिकेतून येतं, आत त्याचा कार्बोक्सिल गट निघाला की फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन हे दुसरं फॉस्फोलिपिड होतं. कार्डिओलिपिन हे तंतुकणिकेचं खास फॉस्फोलिपिडही तिच्या आतल्या पटलावरच तयार होतं, त्याचा कच्चा माल असलेलं फॉस्फॅटिडिक आम्ल मुख्यतः जालिकेतलं. कार्डिओलिपिन कमी पडलं की ऊर्जा काढणाऱ्या श्वसनसाखळीची प्रथिनं एकत्र टिकत नाहीत, आतल्या पटलाच्या घड्या बिघडतात, एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, घटतं. बार्थ सिंड्रोममध्ये कार्डिओलिपिनची शेवटची घडणच चुकते. मुलग्यांना होणारा आजार, हृदय आणि स्नायू दुबळे. नावातलं ‘कार्डिओ’ही हृदयाचंच : मेरी पँगबॉर्न यांनी १९४२ मध्ये ते गुरांच्या हृदयातून वेगळं केलं.

करडईवाली : कार्डिओलिपिनला मेदाम्लांच्या चार शेपट्या ना? माणसाच्या हृदयात त्या बहुतेक लिनोलेइक आम्लाच्या असतात. शरीर ते बनवत नाही, अन्नातूनच येतं. आपल्या जुन्या करडईच्या तेलात भरपूर.

जुना मास्तर : बरोबर ताई. पण ‘करडई खा, हृदय ठणठणीत’ असं टिपणात नको, उद्या कोणी बाटलीवर छापेल.

दारव्ह्याची शिक्षिका : ‘लिपिड-हस्तांतरण’ पक्कं, ‘वहन’ फक्त पुटिकांपुरतं. आणि जालिका नि तंतुकणिका जवळ येतात ती ‘काँटॅक्ट साइट’? ‘संपर्कस्थळ’ लिहिलं तर पोरं मोबाइल नंबर शोधतील.

जुना मास्तर : ‘संलग्नस्थान’ करा. पटलं जवळ येतात, एकमेकांत मिसळत नाहीत, एवढी ओळ खाली टाका.