मदत हवी आहे: १९९० च्या माझदा मियाटाचे इंजिन कमी खर्चात पुन्हा बांधणे

नमस्कार. मी न्यू जर्सीत राहतो आणि माझ्याकडे १.६ लिटर इंजिनाची १९९० ची मियाटा आहे. चारपैकी तीन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) १६५ ते १७० पीएसआय भरते, तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरचे मात्र ११० वरच थांबते. त्यात चमचाभर ऑइल घातल्यावर ते १५० पर्यंत चढते, म्हणजे दोष व्हॉल्व्हपेक्षा पिस्टनच्या रिंगांत असावा, असे मला वाटते. हाताशी एकूण १५०० डॉलर आहेत. ७८ मिलिमीटरचे मूळ बोअर (सिलिंडरची भोके) गोल आणि सरळ निघाले, तर केवळ होनिंग करून (भिंती हलक्या घासून) नव्या रिंगा, बेअरिंगे आणि गॅस्केट बसवणे पुरेसे होईल का, की बोअरिंग करून (भोके मोठी करून) ओव्हरसाइज पिस्टनच घ्यावेत?

खरी काळजी क्रँकशाफ्टची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याची आहे. त्याच्या पुढच्या टोकावरील पुलीवर चारच खाचा आहेत, म्हणजे तो सुरुवातीचा आखूड नाकाचा क्रँक आहे आणि त्याची चावीची (पुली दांड्यावर सरकू न देणाऱ्या धातूच्या तुकड्याची) खाच झिजते, हे सर्वश्रुत आहे. ही चावीची खाच थोडीशीच झिजली असेल, तर नवी चावी व लॉकटाइट (धातूचे भाग पक्के चिकटवणारा द्रव) लावून केलेली दुरुस्ती कोणाकडे वर्षानुवर्षे टिकली आहे काय? ही गाडी मला मोडीत काढायची नाही, त्यामुळे स्वतः हे काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.