आशियाई अभ्यास विभागाचं यश कशात मोजायचं: कार्यक्रमांच्या यादीत की भाषेच्या वर्गात?

पानवाचक (धागाकर्ता)

विद्यापीठांतल्या आशियाई अभ्यास विभागांचे वार्षिक अहवाल मी बरीच वर्षं नेमाने वाचतो. मधला काही काळ अशाच एका विभागात शिकवलंही आहे. अलीकडे या अहवालांचा साचा ठरून गेलाय. आधी परिसंवाद, मग पाहुण्यांची व्याख्यानं, मग परदेशी विद्यापीठांशी झालेले सामंजस्य करार, सुलेखनाची कार्यशाळा, चित्रपट महोत्सव आणि प्रत्येकाचा फोटो. कुठली भाषा कुठल्या पातळीपर्यंत शिकवली, हे शोधायला पार शेवटच्या पानांवर जावं लागतं. तिथेही पुष्कळदा नुसती भाषांची नावंच सापडतात.

माझं म्हणणं असं: आशियातली एखादी भाषा मुळातून वाचणारी-बोलणारी माणसं तयार करणं, हे अशा विभागाचं पहिलं यश. पुढच्या पिढ्यांच्या हाती कोश, चिकित्सित आवृत्त्या (म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ), हस्तलिखितांच्या सूच्या अशी साधनं देणं, हे दुसरं. बाकीचे उपक्रम जरूर करावेत, पण त्यांना यश म्हणू नये.

भाषेला वेळ किती लागतो ते बघा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांसाठी हिंदीला साधारण ११०० तास धरते, आणि चिनी, जपानी, कोरियन, अरबीला २२००. विद्यापीठात आठवड्याला ५ तास आणि वर्षाचे ३० आठवडे धरले तर वर्षाला १५० तास होतात. या चालीने २२०० तास भरायला चौदा वर्षांच्या वर लागतील! म्हणजे सुट्टीतले सघन वर्ग, त्या देशातला मुक्काम आणि वरच्या वर्षांचे वाचनवर्ग यांवर पैसा घातल्याशिवाय पदवीच्या काळात भाषा येणं शक्य नाही. योकोहामाचं आंतरविद्यापीठीय जपानी केंद्र किंवा अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे पुण्यातले मराठीचे वर्ग याच गरजेतून उभे राहिले. निधी आटला की कात्री नेमकी इथे लागते, कारण वाचनवर्गाचा फोटो चांगला येत नाही.

साधनांचं म्हणाल तर भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती डोळ्यांसमोर आणा. काम १९१९ मध्ये सुरू झालं, १९६६ मध्ये पुरं झालं, १२५९ हस्तलिखितं तपासली गेली. पाठ जुळवण्याचा तक्ता कसा असायचा? वरच्या ओळीत श्लोकाचं एकेक अक्षर एकेका चौकटीत लिहायचं. खाली प्रत्येक हस्तलिखिताला एक आडवी ओळ, आणि जिथे अक्षर वेगळं असेल त्याच चौकटीत ते वेगळं अक्षर भरायचं. एका श्लोकाला एक तक्ता. असं काम वर्षाच्या अहवालात कुठल्या रकान्यात बसवणार?

जुना ग्रंथपाल

+१. यात ग्रंथालयही धरा. अमेरिकेने १९५४ च्या पीएल-४८० कायद्याखाली भारताला धान्य दिलं, त्याची किंमत इथे रुपयांत साठत गेली. त्या रुपयांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन अमेरिकी विद्यापीठांना धाडायला सुरुवात केली. मराठी पुस्तकंही त्यात होती. ज्या विद्यापीठांनी ती नीट सूचीत नोंदवली, जपली, तिथे आजही मराठीवर संशोधन होऊ शकतं. आणि आपण शब्दावरून वाद घालताना जो मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश जालावर उघडतो, तो शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या प्रकल्पामुळे आपल्याला मिळतो. सुलेखनाच्या कार्यशाळेचं असं काय मागे उरतं?

उलटतपासणी

पूर्ण असहमत.

पहिला मुद्दा: भांडारकर संस्था हा विद्यापीठाचा विभाग नाही. तिला दर सत्रात पट भरायचा नव्हता, परीक्षा घ्यायच्या नव्हत्या. तो मापदंड विभागांना लावणं अन्यायाचं आहे.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. वाचनवर्गात बसायला विद्यार्थी येणार कुठून? अमेरिकेच्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या पाहणीनुसार २०१६ ते २०२१ या काळात तिथल्या महाविद्यालयांत इंग्रजीखेरीज इतर भाषांची एकूण पटसंख्या १६.६ टक्क्यांनी घसरली. त्याच काळात कोरियनची ३८ टक्क्यांनी वाढली. ही मुलं कोरियन व्याकरणाच्या ओढीने आली का? गाणी ऐकून, मालिका बघून आली. ज्या विभागांनी चित्रपट दाखवले, गाण्यांचे कार्यक्रम केले, त्यांनी या मुलांना दार उघडून दिलं. पट भरला की शिक्षकाचं पद वाचतं, पद वाचलं की चौथ्या वर्षाचा वर्ग चालतो. तुम्ही ज्याला फोटोपुरतं समजता त्याच्याच जिवावर तुमचा वाचनवर्ग उभा आहे.

चारजणांचा वर्ग बंद करा असं पत्र आलं, तर कोशाचा खंड दाखवून वर्ग वाचवता येत नाही. मी अशा बैठकांना बसलेय. तिथे विचारतात ते एवढंच: किती आले, किती टिकले.

पानवाचक

@उलटतपासणी, भांडारकरचा आक्षेप मान्य करू. मग विद्यापीठातलंच उदाहरण घ्या. शिकागो विद्यापीठाच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने अक्कादी या प्राचीन मेसोपोटेमियातल्या भाषेचा कोश १९२१ मध्ये हाती घेतला आणि २०११ मध्ये पुरा केला. २१ खंड, ९० वर्षं. सुरुवात करणाऱ्यांपैकी कोणी शेवट बघायला नव्हतं. विद्यापीठाने ठरवलं तर ते होतं.

पटाबद्दल तुमचं खरं आहे. पण "टिकले" हा शब्द तुम्हीच वापरलात, त्यालाच मी धरून बसतो. गाण्यांच्या ओढीने आलेली किती मुलं तिसऱ्या वर्षाला वर्तमानपत्र वाचतात, हा आकडा अहवालात का नसतो? तो छापला तर कार्यक्रमांचा उपयोग झाला की नाही हे तुम्हालाच ठणकावून सांगता येईल.

क्षेत्रकार्य

दोघेही एक गोष्ट गृहीत धरताय, की भाषा आणि साधनं आपोआप चांगलीच. जरा इतिहास बघा. अमेरिकेत या विभागांना भाषांसाठी पैसा मिळाला तो १९५८ च्या नॅशनल डिफेन्स एज्युकेशन अॅक्टमधून, सोव्हिएत संघाने १९५७ मध्ये स्पुटनिक सोडल्यावर. नावातच संरक्षण आहे. लंडनची स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीज १९१६ मध्ये निघाली तेव्हा साम्राज्याला प्रशासक आणि व्यापारी तयार करून हवे होते. भाषा उत्तम शिकवली जात होती, पण ती कोणासाठी?

१९६८ मध्ये अमेरिकेतल्या तरुण आशिया-अभ्यासकांनी कमिटी ऑफ कन्सर्न्ड एशियन स्कॉलर्स स्थापन केली. व्हिएतनाम युद्ध चालू असताना आपली विद्याशाखा गप्प बसते, यावर त्यांचा आक्षेप होता. त्यांच्या सभा, त्यांचे वाद, त्यांचं नियतकालिक हे सगळं पानवाचकांच्या हिशेबात "बाकीचे उपक्रम" ठरेल. माझ्या मते त्या काळातली ती या विद्याशाखेची सगळ्यात मोठी कामगिरी होती. चांगला परिसंवाद म्हणजे नुसता फोटो नसतो. आपण कोणाचं ज्ञान कोणासाठी गोळा करतोय, हा प्रश्न चारचौघांत विचारायची ती जागा असते. कोशाच्या खोलीत बसून तो प्रश्न कोणी विचारत नाही.

तिसरा बाक

@क्षेत्रकार्य, मुद्दा जोरदार आहे, पण प्रश्न विचारणारी माणसंही भाषेतूनच आली. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवरचा प्रबंध १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला सादर केला. अमेरिकेत त्या विषयाकडे फारसं कोणाचं लक्ष नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे ग्युंथर सोन्थायमर खंडोबा आणि धनगरांच्या ओव्यांमागे गेले ते माणसांत बसून, मराठीत बोलून. मराठी येत नसती तर त्यांना इंग्रजीत लिहिणाऱ्या मूठभर लोकांचंच म्हणणं कळलं असतं. कोणासाठी हा प्रश्न ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांच्या भाषेत विचारता आला पाहिजे. नाहीतर परिसंवादात त्यांच्याबद्दल बोललं जातं आणि त्यांना पत्ताही नसतो.

उगवतीकडे

लोकांसाठीच्या उपक्रमांना इतकं खाली का लेखताय ते मला कळत नाही. जपानची जुनी कागदपत्रं कुझुशिजी नावाच्या, भरभर सलग लिहायच्या जुन्या वळणात आहेत. आजचा सर्वसाधारण जपानी माणूस ती वाचू शकत नाही. क्योतो विद्यापीठातल्या अभ्यासगटाने २०१७ मध्ये जुन्या भूकंपांच्या नोंदी जालावर टाकल्या आणि सामान्य लोकांना म्हटलं, या, वाचायला शिका आणि लिप्यंतर करा. कोणी दोन ओळी लावतो, दुसरा त्या तपासतो, चुकलेलं अक्षर तिसरा सुधारतो. एका विभागाच्या आयुष्यात झालं नसतं एवढं लिप्यंतर हौशी लोकांनी केलं. हा लोकसहभाग, आणि हेच साधन. मग याला कुठल्या रकान्यात टाकणार, पानवाचक?

पानवाचक

@उगवतीकडे, पहिल्या रकान्यात, आनंदाने. तिथे लोकांच्या हाती कागद देऊन वाचायला शिकवलं, माझं मागणं तेवढंच आहे. आणि त्यामागे आधी लिपी जाणणारे होते, हे विसरू नका. २०२१ मध्ये आलेलं मिवो हे अॅप जुन्या पानाचा फोटो घेऊन आजच्या अक्षरांत दाखवतं, तेही आधी तज्ज्ञांनी लावून ठेवलेल्या अक्षरांवरच शिकलं.

शोधछात्रा

मी सध्या अशाच एका विभागात पीएचडी करतेय. नाव सांगत नाही. तुम्हा सगळ्यांचं वाचलं, आणि एक गोष्ट कोणीच बोलत नाही म्हणून लिहितेय.

आमच्या वाचनवर्गात आम्ही तिघं असतो. दोन तासांत हस्तलिखिताचं एक पान झालं तर चांगला दिवस. मागच्या आठवड्यात पाण्याच्या डागाखाली अर्धं गेलेलं एक अक्षर व की च, एवढ्यावरच निम्मा वेळ गेला. शेवटी बाईंनी त्याच लेखनिकाची आधीची पानं उघडली, त्याचा च कसा वळतो ते शोधलं, आणि वाक्याचा कर्ताच बदलला. इतकं शिकल्यासारखं मला दुसऱ्या कुठल्या वर्गात वाटलं नाही.

पण माझ्या प्रगतीच्या अर्जात त्या वर्गाला जागा नाही. परिषदेत वाचलेल्या निबंधाला आहे, नियतकालिकातल्या लेखाला आहे, आयोजन समितीत काम केलं त्यालाही आहे. संहितेची आवृत्ती करायची म्हटलं तर मार्गदर्शक काळजीने सांगतात की आधी नोकरी लागू दे. शिष्यवृत्ती मोजक्या वर्षांची असते, आवृत्तीला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. म्हणून पानवाचक, तुमच्याशी मनापासून सहमत असूनही माझी तक्रार आहे. अशी कामं करा म्हणून विद्यार्थ्यांना सांगू नका. शं. गो. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ मध्ये निघाला, तो शिष्यवृत्तीवरच्या विद्यार्थ्यांचा उद्योग नव्हता. पूर्ण पगाराची, कायमची पदं निर्माण करा आणि मग यादीत कोश मागा. तोवर परिसंवादांत निबंध वाचणाऱ्या आम्हा लोकांना उथळ म्हणायचा हक्क कोणाला नाही.

जुना ग्रंथपाल

@शोधछात्रा, त्या अक्षराची टीप कुठेतरी लिहून ठेवा आणि ग्रंथालयाला प्रत द्या. सूचीत त्या हस्तलिखिताच्या नोंदीखाली घालता येते. पुढच्या वाचकाचा एक तास वाचेल.

उलटतपासणी

शोधछात्रेने मुद्द्याला हात घातला. कायम पदांची मागणी असेल तर पहिली सही माझी. पण पानवाचक, त्यासाठी कार्यक्रमांचा निधी वळवा असं कोणी म्हणालं, तर मी विरोधात उभी राहीन. कार्यक्रमांची रक्कम किरकोळ असते, त्यातून एक पदसुद्धा निघत नाही, आणि पहिल्या वर्षाचा पट मात्र बसतो. पैसा विद्यापीठाकडून मागायचा आहे, शेजारच्या टेबलाकडून नाही.

तिसऱ्या वर्षाला कितीजण वर्तमानपत्र वाचतात, तो आकडा मात्र छापायला माझी हरकत नाही. पुढच्या बैठकीत मीच मांडते. तो वाईट निघाला तर तुम्ही त्याचा वापर माझ्याविरुद्ध करणार, हे मला माहीत आहे. करा.